तेरा लढती, एक मतदारसंघ

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. पहिला विजय १९६२ चा, शेवटचा २०१४ चा. या ५२ वर्षांत त्यांनी सांगोल्यातून तेरा निवडणुका लढवल्या, त्यातल्या दोन हरल्या. मतदारसंघ बदलला नाही, पक्षही बदलला नाही. शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली ते पहिल्यांदा उभे राहिले आणि त्याच बावट्याखाली निवृत्त झाले. महाराष्ट्र विधानसभेत इतक्या वेळा निवडून आलेला दुसरा सदस्य नाही.

हा देशातला विक्रम असल्याचे वर्तमानपत्रांतून वारंवार छापले गेले. ते बरोबर नाही. केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले आणि ओमन चंडी यांनी पुदुप्पळ्ळीतून सलग बारा निवडणुका जिंकल्या. तमिळनाडूचे एम. करुणानिधीही तेरा वेळा आमदार झाले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. तरी या सर्वांहून देशमुखांची गोष्ट वेगळी आहे. मणी, चंडी आणि करुणानिधी यांचे पक्ष सत्तेत जाऊन-येऊन होते. चंडी आणि करुणानिधी मुख्यमंत्री झाले, मणींनी वर्षानुवर्षे राज्याचा अर्थसंकल्प मांडला. देशमुखांच्या वाट्याला मंत्रिपद आले ते दोनदा, आणि दोन्ही मिळून जेमतेम सव्वाचार वर्षे. उरलेला सगळा काळ विरोधी बाकांवर गेला. ज्या आमदाराच्या हाती सत्ता नाही, निधीची किल्ली नाही, त्याला एक दुष्काळी तालुका पाच दशके का निवडून देतो, हा या कारकिर्दीतला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला त्या तालुक्याच्या पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

सांगोला हा माणदेशाचा पूर्वेकडचा भाग. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत संपलेला असतो. वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ही सरासरीही फसवी, कारण एखाद्या वर्षी सगळा पाऊस परतीच्या दोन-चार दिवसांत पडून जातो. माण नदी तालुक्यातून वाहते, पण बहुतेक महिने तिच्यात वाळूच असते. जमीन हलकी, मुरमाड. रब्बीची ज्वारी, खरिपाची बाजरी, मेंढरे आणि खिल्लार जनावरे हा जुना संसार. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो आणि खिल्लार बैलांसाठी तो दूरवर ओळखला जातो. दुष्काळात याच बाजारात जितराब मातीमोल विकले जाते. पश्चिम महाराष्ट्र म्हटले की डोळ्यांपुढे ऊस, साखर कारखाना आणि कारखान्याचा चेअरमन उभा राहतो. पण त्या चित्रात सांगोला बसत नाही. उसाचे पाणी इथे नव्हते, त्यामुळे उसावर उभे राहणारे सत्तेचे जाळेही पंढरपूर-माळशिरससारखे इथे घट्ट विणले गेले नाही. काँग्रेसच्या बालेकिल्ल्यात एक डावा पक्ष तग धरून राहिला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

गणपतरावांचा जन्म १९२६ सालचा, मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि सांगोल्यात वकिली केली. तालुक्याच्या कोर्टात उभा राहणारा वकील त्या काळी कुळांचे, बांधांचे आणि सावकारी कर्जांचे दावे लढवत असे. गावोगावच्या माणसांशी ओळख होण्याची ती सर्वांत सरळ वाट होती. ते धनगर समाजातले. सांगोल्यात हा समाज मोठा आहे आणि निवडणुकीच्या हिशेबात ती गोष्ट मोजली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ जातीच्या बेरजेवर अकरा निवडणुका निघत नाहीत. तशा निघत असत्या तर १९७२ आणि १९९५ चे पराभव झालेच नसते.

त्यांनी निवडलेला पक्षही समजून घ्यायला हवा. शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, १९४७-४८ मध्ये काँग्रेसमधूनच बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव ही त्याच्या उभारणीतली नावे. सत्यशोधक चळवळीचा वारसा आणि मार्क्सवादी विचार यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. १९५० च्या दाभाडी अधिवेशनात पक्षाने आपली मार्क्सवादी भूमिका स्पष्ट केली. पुढे जेधे, मोरे, जाधव असे पहिल्या फळीचे नेते काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये पक्षाला ३१ जागा मिळाल्या, पण राज्य स्थापन होताच संयुक्त महाराष्ट्र समिती फुटली आणि १९६२ मध्ये २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेकापकडे उरल्या १५, आणि तरीही तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. देशमुख या पंधरांपैकी एक. म्हणजे पक्षाला ओहोटी लागली असताना ते आत आले. नेते एकेक करून सत्तेकडे वळत होते तेव्हा त्यांनी विरोधी बाक धरला. ही निवड त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा केली, म्हणून तिचे मोल अधिक आहे.

१९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि पक्षाच्या जागा १९ वर गेल्या. त्या काळच्या विधानसभेत शेकापचा दबदबा संख्येपेक्षा मोठा होता. विरोधी पक्षनेतेपद कृष्णराव धुळपांकडे होते. ते आणि त्यांचे सहकारी शेतसारा, लेव्ही, कूळकायदा, गिरणी कामगार अशा विषयांवर तयारीनिशी बोलत. देशमुखांची संसदीय तालीम या शाळेत झाली.

मार्च १९७२ च्या निवडणुकीत ही शाळाच वाहून गेली. बांगलादेश युद्धानंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप ७ वर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी देशमुखांचा पराभव केला. त्यानंतर जे घडले ते सांगोल्याच्या राजकारणात सर्वांत महत्त्वाचे ठरले. आधीची दोन वर्षे पाऊस कमी झालेलाच होता, १९७२ चा पावसाळा जवळजवळ पूर्ण कोरडा गेला. विहिरी आटल्या, ज्वारी पेरलीच गेली नाही, गावे रस्त्यांवर आली. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागले तर चूल पेटायची. सुकडी वाटली जायची. काम मिळावे, मजुरी वेळेवर मिळावी, मापात काटछाट होऊ नये, यासाठी डाव्या पक्षांनी आणि शेकापने राज्यात मोर्चे काढले. पराभूत आमदाराला या काळात सभागृह नव्हते. पण तालुक्यातला बहुतेक मतदार हातात टिकाव-घमेले घेऊन कामावर उभा होता आणि त्याच्या मागण्या रोजच्या भाकरीच्या होत्या. विधिमंडळात कोणी कोणते भाषण केले याच्यापेक्षा मस्टरवरून वाद झाला तेव्हा कोण येऊन उभे राहिले, हे अशा वेळी लोकांच्या लक्षात राहते.

काकासाहेब साळुंखे-पाटील यांचे निधन झाले आणि १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली. ती देशमुखांनी जिंकली. अकरा विजयांपैकी सर्वांत बोलका विजय निवडायचा झाला तर हाच निवडावा. राज्यात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांचा उमेदवार म्हणजे थेट सरकारशी जोडलेली वाट. तरीही दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तालुक्याने विरोधी पक्षाचा माणूस परत पाठवला. इथून १९९५ पर्यंत, एकवीस वर्षे, ही जागा हलली नाही.

याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला होता आणि १९७२ मध्ये ती राज्यभर लागू झाली. पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम माणदेशातल्या मजुराच्या मजुरीत जाते, अशी ती रचना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कोणी काम मागितले तर ते देणे सरकारवर बंधनकारक, आणि पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर बेकारी भत्ता. त्याच वर्षी गणपतराव देशमुख विधानसभेचे विरोधी पक्षनेते झाले. मुदतवाढ मिळालेली ती विधानसभा १९७८ च्या फेब्रुवारीत संपली, त्यामुळे हे पद त्यांच्याकडे थोडेच महिने राहिले. कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो २६ जानेवारी १९७९ रोजी, आणि तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात होते.

ते मंत्रिमंडळ शरद पवारांचे. १९७८ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. वसंतदादा पाटलांचे आघाडी सरकार काही महिने चालले, आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार आले. जनता पक्ष आणि पवारांचा गट यांच्यासोबत १३ आमदारांचा शेकापही त्यात होता. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते बरखास्त केले. जूनमध्ये इंदिरा काँग्रेसने १८६ जागांनिशी राज्य जिंकले, शेकाप ९ वर घसरला, पण सांगोला लाल बावट्याकडेच राहिला. नंतर १९८५ आणि १९९० मध्येही तेच झाले.

विरोधी आमदार सभागृहात नेमके काय करू शकतो, हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण देशमुखांची सगळी हत्यारे हीच होती. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. चांगला सदस्य मूळ प्रश्न साधा ठेवतो आणि खरा नेम उपप्रश्नात धरतो. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना असते. अर्थसंकल्पातील मागण्यांवर कपात सूचना मांडून खात्याचा सगळा कारभार चर्चेला घेता येतो. यातल्या एकाही मार्गाने विरोधी सदस्य स्वतः एक रुपयाही मंजूर करू शकत नाही. पण मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन कार्यवृत्तात नोंदले जाते, आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि पुढच्या अधिवेशनात तेच आश्वासन पुन्हा मंत्र्यापुढे धरता येते. हे काम चिकाटीचे आहे, फळ उशिरा येते, आणि त्यासाठी सभागृहात बसून राहावे लागते. देशमुख बसून राहत. कामकाजाच्या नियमांचे जाणकार म्हणून सर्व पक्षांत त्यांचा मान होता. मुंबईला ते अनेकदा एसटीने किंवा रेल्वेने जात, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. तिचे कौतुक होते ते साधेपणाचे. पण एसटीत बसलेल्या आमदाराशी वाटेत कोणालाही बोलता येते, ही त्यातली राजकीय बाजू तितकीच खरी आहे. तालुक्यात त्यांना ‘आबासाहेब’ म्हणत.

मतदारसंघात त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांपैकी सूतगिरणी सर्वांत ठळक. सांगोला काही कापसाचा तालुका नाही. तिथे ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी सूतगिरणी काढणे हे धाडस होते. उसाला पाणी नव्हते म्हणून साखर कारखान्याच्या मागे लागण्याऐवजी पाणी न पिणारा उद्योग निवडला, असे त्याकडे पाहता येते. सहकारी सूतगिरण्यांचा महाराष्ट्रातला अनुभव फारसा चांगला नाही. सभासदांचे थोडे भांडवल, सरकारचे मोठे भांडवल आणि वित्तसंस्थांचे कर्ज या साच्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गिरण्या बंद पडल्या, काही तर सुरूच झाल्या नाहीत. सांगोल्याची गिरणी चालली. दुष्काळी तालुक्यात तिने बारमाही मजुरी दिली. देशमुखांच्या राजकारणाला आर्थिक पाया होता तो एवढाच. शेजारच्या तालुक्यांतल्या कारखानदार घराण्यांशी तुलना केली तर तो फारच लहान दिसतो.

पाण्याचा प्रश्न मात्र गिरणीने सुटणारा नव्हता. नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याला येते, म्हणजे सांगोला कालव्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला. वरच्या भागातला ऊस भिजल्यावर जे उरेल ते टेलला, आणि बऱ्याच आवर्तनांत उरत काहीच नाही. कागदावर लाभक्षेत्रात असलेली जमीन प्रत्यक्षात कोरडी, हे टेलच्या शेतकऱ्याचे दुःख त्याच भागात राहिल्याशिवाय पुरते कळत नाही. दुसरी आशा कृष्णेची. बच्छावत लवादाने १९७६ च्या निवाड्यात महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि सन २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. तोवर हे पाणी अडवणे गरजेचे होते, पण धरणे आणि कालवे रखडले होते. शिवाय अडवलेले पाणी उंचावरच्या दुष्काळी पठारावर जायचे तर ते पंपांनी उपसून न्यावे लागणार होते.

१९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषद भरली आणि कृष्णाखोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ सुरू झाली. गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर या चळवळीतले आघाडीचे नेते. मागणी केवळ ‘पाणी द्या’ एवढी नव्हती. प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही, समान हक्काने पाणी मिळावे, असा समन्यायी वाटपाचा आग्रह तिच्यात होता. पाणी शेताच्या नव्हे तर माणसाच्या नावाने मागणारी ही चळवळ राज्याच्या सिंचनविचारातली फार मोठी झेप होती, आणि तिला मिळायला हवे तेवढे स्थान आपल्या इतिहासात अजून मिळालेले नाही. वर्षानुवर्षे परिषदा भरल्या, दरवर्षी ठराव झाले. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कऱ्हाडजवळ कृष्णेतून पाणी उचलणारी टेंभू उपसा सिंचन योजना आकाराला येऊ लागली. टप्प्याटप्प्याने पाणी उचलत ते खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि सांगोल्यापर्यंत न्यायचे होते. या कामाला दोन दशकांहून अधिक काळ गेला.

चळवळ ऐन जोरात असताना, १९९५ मध्ये, देशमुख हरले. अंतर होते १९२ मतांचे. विजयी झाले काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. ही निवडणूक राज्यातल्या वाऱ्याच्या उलट गेली. राज्यात काँग्रेस ८० जागांवर कोसळली, शिवसेना-भाजपचे सरकार आले, आणि त्याच वर्षी काँग्रेसने सांगोला जिंकला. १९७४, १९८० आणि १९९५ एकत्र वाचले तर एक गोष्ट दिसते. सांगोल्याचा मतदार राज्यातल्या लाटेबरोबर क्वचितच वाहतो. इथल्या निवडणुका मुंबईत कोणाचे सरकार यावे यावर लढल्या गेल्या नाहीत. त्या तालुक्यातल्या दोन जवळपास तुल्यबळ गटांत झाल्या, आणि गावागणिक, वाडीगणिक मते मोजली गेली. अकरा विजयांचा आकडा ऐकला की बालेकिल्ला, अभेद्य गड असले शब्द तोंडात येतात. ते या मतदारसंघाला लागू होत नाहीत. इथे विरोधक नेहमीच ताकदवान होता, आणि देशमुखांना प्रत्येक वेळी गावोगाव फिरून ती जागा मिळवावी लागली.

१९९९ मध्ये त्यांनी ती परत घेतली. काँग्रेस फुटली होती, त्रिशंकू विधानसभा आली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या विलासराव देशमुख सरकारला पाच आमदारांच्या शेकापचा पाठिंबा लागला. गणपतराव दुसऱ्यांदा मंत्री झाले, रोजगार हमी आणि पणन ही खाती त्यांच्याकडे आली. ज्या योजनेच्या कामांवर त्यांचा तालुका जगला होता, ती आता त्यांच्या टेबलावर होती. हे मंत्रिपद २००२ च्या जूनपर्यंत टिकले. रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीने शेकापशी केलेल्या व्यवहारावरून पक्ष संतापला आणि त्याने सरकारचा पाठिंबा काढला. रायगड ही शेकापची दुसरी भूमी, तिथल्या दुखण्यासाठी सांगोल्याच्या आमदाराने मंत्रिपद सोडले. पुढे २००३ मध्ये सोलापूर जिल्हा पुन्हा भीषण दुष्काळात सापडला. चारा छावण्या उघडल्या आणि सांगोल्याची जनावरे महिनोन् महिने दावणीऐवजी छावणीत बांधली गेली. त्या वेळी मंत्रिपद असते तर तालुक्याला अधिक मिळाले असते का, हा प्रश्न उरतो. तालुक्याचे हित आणि पक्षाची निष्ठा यांत ताण आला तेव्हा देशमुखांनी निष्ठा निवडली. त्याची किंमत मतदारसंघानेही मोजली असणार, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवे.

मतदारांनी मात्र ती त्यांच्यावर लादली नाही. २००४ मध्ये शेकापचे राज्यात दोनच आमदार निवडून आले, त्यात ते होते. २००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली. सांगोला तालुक्याला पंढरपूर तालुक्यातला भाळवणीचा भाग जोडला गेला आणि हा मतदारसंघ नव्या माढा लोकसभा मतदारसंघात आला. देशमुख दहाव्यांदा जिंकले. सर्वांत ज्येष्ठ सदस्य या नात्याने नव्या विधानसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनी सदस्यांना शपथ दिली. ९ नोव्हेंबर २००९ रोजी अबू आझमी यांनी हिंदीतून शपथ घेतली तेव्हा मनसेच्या सदस्यांनी धक्काबुक्की केली आणि चार सदस्य निलंबित झाले. आसनावर तेव्हा देशमुख होते. संसदीय नियम जपत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो दिवस पाहावा लागला.

२०१४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आणि शिवसेना-भाजप या दोन्ही आघाड्या तुटल्या, राज्यात पंचरंगी लढती झाल्या. ८८ वर्षांच्या देशमुखांना ९४,३७४ मते मिळाली, शिवसेनेकडून लढणाऱ्या शहाजीबापू पाटलांना ६९,१५०. अंतर २५,२२४. हा अकरावा आणि शेवटचा विजय. शेकापचे त्या विधानसभेत तीन आमदार होते, सांगोल्याचा एक आणि रायगडचे दोन. १९६२ च्या १५ पासून इथवरची घसरण त्यांनी पहिल्या बाकावर बसून पाहिली. सहकारी साखरेचे राजकारण, नंतर शहरीकरण, शेतकरी संघटनेने उभा केलेला भावाचा प्रश्न, मंडल आणि हिंदुत्व अशा एकामागून एक लाटांनी या पक्षाचा ग्रामीण पाया खरवडून नेला. अलिबाग-पेण आणि सांगोला ही दोन बेटे उरली.

तालुकाही या काळात बदलला होता. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात बोर, डाळिंब, सीताफळ लावायला अनुदान दिले. सांगोल्याच्या मुरमाड जमिनीला डाळिंब मानवले. ठिबक आणि शेततळी आली, अजनाळ्यासारखी गावे डाळिंबाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला सुटली. ज्या स्टेशनावरून दुष्काळात माणसे पोट भरायला बाहेर जात, तिथून फळांचे डबे निघाले. ही भरभराटही निर्धोक नाही. तेल्या, मर आणि खोडकिडीने पुढच्या काळात बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. पण ज्या मजुराच्या मस्टरसाठी शेकाप लढला, त्याची पुढची पिढी आता बाजारभाव आणि निर्यातीची भाषा बोलू लागली होती, आणि जुन्या लाल बावट्याला तिच्याशी नव्याने बोलणे भाग होते.

२०१९ मध्ये वयामुळे देशमुखांनी उमेदवारी नाकारली. पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभे केले. शहाजीबापू पाटील, या वेळीही शिवसेनेकडून, ९९,४६४ मते घेऊन विजयी झाले. अनिकेत यांना ९८,६९६ मिळाली. फरक ७६८. शेकापचा राज्यात एकच आमदार उरला, आणि तोही सांगोल्याचा नव्हे, नांदेड जिल्ह्यातील लोह्याचा. देशमुखांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झाले. सांगोल्यातल्या सूतगिरणीच्या आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

२०२२ च्या सत्तांतरात शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले आणि गुवाहाटीहून फोनवर केलेल्या डोंगर-झाडीच्या वर्णनाने घरोघर पोचले. २०२४ ची निवडणूक तिरंगी झाली. शिंदे यांच्या शिवसेनेकडून शहाजीबापू, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे आणि शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. महायुतीने त्या वर्षी राज्यात प्रचंड बहुमत मिळवले. सांगोला पुन्हा वेगळ्या वाटेने गेला. बाबासाहेब देशमुखांना १,१६,२५६ मते पडली, शहाजीबापूंना ९०,८७०. शेकापविरोधी मते दोन ठिकाणी विभागली गेली होती, हे त्या विजयामागचे एक कारण आहेच. नव्या विधानसभेत शेकापची ही एकमेव जागा. मताधिक्य होते २५,३८६, आजोबांच्या शेवटच्या निवडणुकीतल्या मताधिक्यापेक्षा १६२ ने अधिक.